न्हाणीघरांतील पंखा आणि तिसरी तार

जुन्या वाड्यांतून न्हाणीघर परसांत असे; वाफ कौलांतून निघून जाई आणि ओल उन्हानें सुके. हल्लींच्या सदनिकांत तेंच न्हाणीघर चार भिंतींच्या आंत कोंडलें गेलें आहे. सकाळीं घरांतील सातआठ माणसांचीं स्नानें आटोपेपर्यंत छतास घाम फुटतो आणि पावसाळ्यांत कोपऱ्यांतून काळी बुरशी धरते. कोंदट हवा बाहेर टाकणारा पंखा हा त्यावर उत्तम उपाय होय. मात्र जेथें पाणी तेथेंच वीज नेण्याचें हें काम असल्यानें तें कसें व्हावें, हें गृहस्थांनीं व गृहिणींनीं समजून घेतलें पाहिजे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं असा पंखा बसला. कारागीर हाताचा चलाख. दिव्याच्या बटणापासून दोन तारा ओढून तासाभरांत त्यानें पंखा फिरवून दाखविला. आठ दिवसांनीं वहिनी त्याची जाळी ओल्या फडक्यानें पुसूं लागल्या, तों हातास झिणझिण्या आल्या. "ओलीमुळें इतकें व्हायचेंच," असें कारागिरानें सांगितलें. आमच्या दादांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं जाणत्या माणसाकडून पंखा उघडविला, तेव्हां त्याच्या पत्र्यास भूमीशीं जोडणारी तिसरी तारच नाहीं, असें आढळलें.

ह्या तारेचें महत्त्व काय? आपली घरगुती वीज २३० व्होल्टची. पंख्याच्या आंतील वेष्टण झिजलें, कीं ती पत्र्यांत उतरते. हिरवी तार असल्यास प्रवाह तिच्यावाटे भूमींत जातो. नसल्यास ओल्या फरशीवर उभें असलेलें माणूसच ती वाट होऊन बसतें.

"फलकावर ब्रेकर आहे, मग भय कसलें?" असें पुष्कळ लोक विचारतात. साधा ब्रेकर तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. ६ अँपियरचा ब्रेकर ६००० मिलिअँपियरपर्यंत स्वस्थ असतो; मनुष्याचें हृदय बंद पडण्यास त्याचा अगदीं अल्प अंश पुरतो. याकरितां ३० मिलिअँपियरचें आर. सी. सी. बी. यंत्र हवें. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा तें सतत ताळा पाहतें व फरक पडतांच क्षणार्धांत वीज तोडतें. त्यावरील चाचणीचें बटण अधूनमधून दाबून पाहावें. वीज तुटली नाहीं, तर यंत्र बदलावें.

आतां जागेविषयीं. पंखा दारासमोरच्या बाहेरील भिंतींत, उंचावर व फवाऱ्यापासून दूर बसवावा. फवाऱ्याच्या जागेवर २.२५ मीटर उंचीपर्यंत आणि तिच्या बाजूस आणखी ०.६ मीटरपर्यंतचा टापू आंतरराष्ट्रीय संकेतांत जोखमीचा मानला आहे. तेथेंच बसविणें भाग असेल, तर शिंतोड्यांस न जुमानणारा, आय. पी. एक्स. ४ खुणेचा पंखा घ्यावा. बटण न्हाणीघराबाहेर असावें. हवा आंत येण्यास दाराखालीं फट ठेवावी. नाहींतर पंखा नुसताच घरघरतो. लहान न्हाणीघरास १५० मिलिमीटरचा पंखा पुरतो.

एक गोष्ट विशेष बजावून सांगावीशी वाटते. न्हाणीघरांत ग्यासचा बंब असेल, तर पंखा लावला म्हणजे निर्धास्त झालों, असें मानूं नये. अपुऱ्या ज्वलनानें निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस निजल्यासारखें कोसळतें. असा बंब न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंतच असला पाहिजे.

कायद्याचेंही म्हणणें हेंच आहे. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षा-नियमांप्रमाणें बिघडलेला पंखा किंवा बटण बदलणें एवढीं किरकोळ कामें सोडल्यास, विजेची नवी जोडणी व फेरबदल हें परवानाधारक ठेकेदाराकडून आणि योग्यतापत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालींच व्हावें लागतें. तेव्हां कारागिरास बोलावतांना मजुरी विचारण्याआधीं परवाना विचारावा. काम संपल्यावर मेगर लावून तारांची चाचणी करवून घ्यावी. ५०० व्होल्टला वेष्टणाचा रोध १ मेगओहमहून कमी भरूं नये. तसेंच पंखा पुसण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करण्याचा दंडक घरांत घालून द्यावा.

आमच्याकडे तिसरी तार आली, आर. सी. सी. बी. आलें, खर्च पंख्याच्या किंमतीहून अधिक झाला. दादांनीं तो हिशेबाच्या वहींत "पंखा" ह्या सदरांत न लिहितां "वहिनींचें आयुष्य" ह्या सदरांत लिहिला. आम्ही सारे हंसलों. वहिनी मात्र हंसल्या नाहींत.