पंख्याला हाताचा स्विच लावताना

साखळीहून चोर्ला घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडते. केरीच्या धक्क्यावर तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट पाहताना एसीसाठी इंजिन चालूच राहते. दोन्हीकडे समोरचा वारा मिळत नाही, रेडिएटरचा सगळा भार पंख्यावर येतो. जुन्या गाड्यांत हा पंखा थर्मोस्विच चालवतो. पाणी साधारण 90 ते 100 अंशांवर गेले की तो जोडला जातो. तोच बिघडला तर हेड गॅस्केट जाण्याची वेळ येते.

म्हणून डॅशबोर्डवर जादा स्विच. तो थर्मोस्विचला समांतर जोडा, त्याच्या जागी कधीच नको. मग तुम्ही विसरलात तरी पंखा आपोआप फिरेल. पंख्याची मोटर 10 ते 20 अँपिअर सहज ओढते. एवढा प्रवाह लहान स्विचमधून नेला तर तो वितळतो. मध्ये 30 अँपिअरचा रिले आणि फ्यूज हवाच. रिलेच्या 85 आणि 86 या पिना कॉइलच्या, 30 आणि 87 पंख्याच्या वाटेवरच्या. स्विच दाबताच रिलेचा ‘टक्’ आवाज आला आणि पंखा फिरला, की जोडणी बरोबर. कॉइलची वीज इग्निशनवरून घ्या, नाहीतर रात्रभरात बॅटरी उतरेल.

संगणक-नियंत्रित नव्या गाड्यांत हा उद्योग करू नका. डिचोलीच्या खाणपट्ट्यात आधी रेडिएटरच्या जाळीतली लाल धूळ धुवा. अनेकदा तेवढ्यानेच काटा खाली येतो. आणि इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका.