शेतकऱ्याची नोंद व तिचे रकाने

औसा तालुक्यांतील सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्यास कृषि विभागाच्या योजनांकरितां १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. या एका क्रमांकामागें नांव, गट, क्षेत्र, आधार असे अनेक रकाने असतात, आणि निरनिराळ्या कार्यालयांचे संगणक ही माहिती परस्परांकडून मागवितात. मागणीचा व उत्तराचा हा जो ठरलेला मार्ग, त्यास एपीआय म्हणतात.

लातूरच्या आडतींत मुनीम आपल्यापुढें वही उघडतो ती आपल्याच पानावर. शेजाऱ्याचें पान तो दाखवीत नाहीं. संगणकासहि एवढें बहुधा शिकविलेलें असतें. परंतु एकाच पानावरील कोणता रकाना कोणास दाखवावा, हा प्रश्न निराळा आहे, आणि घोटाळा होतो तो येथेंच. पुष्कळदां संगणक सबंध नोंद पाठवितो आणि नको तें पडद्यावर फक्त झांकतो. हें झांकणें व्यर्थ होय. कारण आलेलें मूळ उत्तर जाणता मनुष्य पडद्यावांचूनहि वाचूं शकतो.

पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळाचा एक भाग प्रदेशवार माहिती देतांना शेतकऱ्यांचे आधार क्रमांकहि बाहेर देत होता, असें जून २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें. एका संशोधकानें तें जानेवारींतच सरकारी सुरक्षा-पथकास कळविलें होतें; दोष दूर झाला मे महिन्याच्या अखेरीस. चार महिने हा अवधि थोडा नव्हे!

यास्तव गाळणी देणाऱ्याच्या दारींच हवी. कोणत्या कामास कोणते रकाने, याची यादी तेथें असावी, व यादींत नसलेला रकाना जाऊं नये. म्हणजे पुढें नवा रकाना वाढला तरी तो आपोआप बाहेर पडत नाहीं. विमा कंपनीस गट, पीक व क्षेत्र लागेल; खतविक्रेत्यास बँकेचा खाते क्रमांक कशाला? कित्येकदां तर रकानाहि लागत नाहीं. आधारच्या पडताळणींत केवळ 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर देण्याची सोय आहे, ती फार शहाणपणाची आहे.

वाचण्याची मुभा ही बदलण्याची मुभा नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें. खाते क्रमांकाचा रकाना परक्यास बदलतां आला, तर अनुदान भलत्याच्याच पदरांत पडेल.

वाचकांस आज करतां येण्याजोगें एक आहे: केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी आधारची प्रत मिळते, जेथें ती चालते, तेथें पूर्ण क्रमांकाची प्रत देऊं नये.