लेखांक 9 : ‘तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!’

खेळाच्या व्हीलचेअरचा खर्च या आठवड्यात मांडणार होतो. तो पुढच्या खेपेला. पुण्यातल्या कर्वेनगरच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि बाकी सगळं मागे पडलं. पोलिओमुळे ते लहानपणापासून कुबड्या वापरतात. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के, सकाळी मोकळे. दिव्यांगांच्या स्पर्धेत मदत करायला गेले, तर त्यांना पहिल्या रांगेत बसवून हातात श्रीफळ दिलं. काम मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!’ ते विचारतात, मी करण्यासारखं काहीच नसतं का?

असतं, आणि भरपूर असतं. गेल्या लेखात अंध धावपटूंसोबत धावणाऱ्या गाइडबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे मदतनीस म्हणजे धडधाकट पाय, असं वाटू शकतं. पण व्हीलचेअर बास्केटबॉलचं टेबल बघा. गुण लिहिणारा, वेळ पाहणारा, 24 सेकंदांचं घड्याळ चालवणारा, सगळे बसूनच असतात. बोचा या चेंडूच्या खेळात तर गंमतच आहे. बीसी-3 गटात रॅम्पवरून चेंडू सोडणाऱ्या खेळाडूचा मदतनीस मैदानाकडे पाठ करूनच बसतो. खेळ बघायची त्याला बंदी. खेळाडू सांगेल तसा रॅम्प हलवायचा. बसून गोळाफेक करणाऱ्याला चौकटीवर पट्ट्यांनी बांधावं लागतं. पट्टा कुठे काचतो हे स्वतः गोळा फेकलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार? कर्णबधिरांच्या फुटबॉलमध्ये पंच शिट्टीऐवजी निशाण वापरतात. तिथे ऐकू न येणारा कार्यकर्ता कुठे अडतो?

मग अडतं कुठे? आधी त्या ‘तुम्ही बसा’पाशी. त्यात माया असते, म्हणून भांडताही येत नाही. त्यानंतर रस्ता. मेट्रो वनाजहून पौड रस्त्याने निघून जाते, कर्वेनगर बाजूला राहतं. सकाळी साडेसहाला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात हजर व्हायचं तर रिक्षा, आणि दोन्ही वेळचं भाडं खिशातून. फुकट काम करायला पैसे मोजायचे! पुढे मैदान. उतार असला तर तो प्रेक्षकांच्या बाजूला. गुणलेखकाचं टेबल पलीकडे, मध्ये पायऱ्या. स्वच्छतागृहाचं तर बोलायलाच नको. कित्येक जण त्या धास्तीने सकाळपासून पाणी पीत नाहीत. आणि पंचांचं प्रशिक्षण लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांसाठी 30वं कलम आहे. मैदानाच्या सोयी त्यात येतात. पण आयोजक ते वाचतात खेळाडू डोळ्यांपुढे ठेवून. टेबलामागे कुणी दिव्यांग बसेल, हे मनातच येत नाही.

दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, त्यांच्यावरचा सिनेमा आला 2024 मध्ये. दिव्यांग माणूस खेळाडू असतो, हे पचायला आपल्याला एवढा काळ लागला. तो पंच आणि गुणलेखकही असतो, हे पचवायला तरी इतका वेळ नको.

आयोजकांनी नावनोंदणीच्या अर्जात एकच ओळ वाढवावी : ‘काम करताना तुम्हाला काय लागेल?’ उत्तर बहुधा साधं निघेल. एक उंच खुर्ची, तळमजल्यावरची खोली, रिक्षाचं भाडं. आमच्या कर्वेनगरकरांना मात्र माझा आग्रह आहे : पुढच्या वेळी श्रीफळ घ्या, पण गुणपत्रक मागितल्याशिवाय उठू नका.