मोटारीचा विमा : निवृत्त सभासदांनी कोणता घ्यावा?



नोकरी संपवून अहमदपूर भागात गावी परतलेले आणि आता स्वतः उसाकडे पाहणारे बरेच सभासद आपल्यात आहेत. दाराशी एक जुनी मोटार असते. आठवड्यातून एकदा बाजार, मधूनमधून लातूर किंवा नांदेडचा दवाखाना आणि वर्षातून एखादी तुळजापूरची वारी, एवढीच तिची धाव. विम्याची मुदत संपत आली की घरात बोलणे निघते. कोणी म्हणतो, "गाडी तर उभीच असते, कशाला पैसे घालायचे?" कोणी म्हणतो, "पोलिसाला दाखवण्यापुरता स्वस्तातला घ्या." कोणी म्हणतो, "फुल घ्या, कटकट नको." असा निर्णय नुसत्या गाडीच्या किमतीवर करू नये. गाडीत कोण बसते आणि आपल्या नावावर जमीन किती आहे, हे आधी पाहावे.

१) कायद्याचा विमा (थर्ड पार्टी)

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या गाडीस हा विमा सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुढील वेळी ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंड ही किरकोळ बाब झाली.

गळिताच्या दिवसांत रात्री आपले रस्ते कसे असतात ते सांगायला नको. उसाच्या बैलगाड्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि समोरून डोळ्यांवर येणारा उजेड. अशा वेळी आपल्या गाडीने माणूस दगावला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई व पाठीमागची माणसे पाहून भरपाई ठरवते. तरुण कमावता माणूस असेल तर ही रक्कम कित्येक लाखांत जाते. विमा असेल तर ती कंपनी भरते. विमा नसेल तर मालकाने भरायची. मालकाने भरली नाही, तर कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. थोडक्यात, वर्षाचा हप्ता वाचवताना आपण सातबारा पणाला लावतो.

या विम्याचा दर सरकार ठरवते, त्यामुळे तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये व त्यावर ७,८९७ रुपये, अधिक कर, असा हप्ता होता. भरताना चालू दर विचारून घ्यावा.

२) फुल विमा

यात वरील विम्याबरोबर स्वतःच्या गाडीचे नुकसानही येते : अपघात, चोरी, आग, पूर आणि भूकंप. १९९३ चा भूकंप पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

पण खरी गोम निराळी आहे. आपल्या मोटारीत बसलेली पत्नी, नातवंडे, शेजारी यांना कायद्यापुरत्या विम्यात संरक्षण मिळत नाही. फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम अशा पॉलिसीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तिलक सिंग प्रकरणात सांगितले. फुल पॉलिसीत मात्र मोटारीतील प्रवासी येतात, हे २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात स्पष्ट झाले. म्हणून ज्यांच्या गाडीत घरची माणसे नेहमी बसतात त्यांनी गाडी जुनी झाली म्हणून फुल विमा सोडू नये. गाडी फक्त शेतापर्यंत एकट्याने नेत असाल, तर कायद्याचा विमा पुरू शकतो.

मालक स्वतः गाडी चालवत असताना दगावला किंवा जायबंदी झाला, तर त्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लागतो. दोन-तीन गाड्या असल्या तरी तो एकदाच घ्यावा, प्रत्येक गाडीवर पुन्हा पैसे भरू नयेत.

३) जुन्या गाडीचा हिशेब

समजा, नऊ वर्षांच्या गाडीची विम्यातील किंमत दीड लाख ठरली. पाच वर्षांवरील गाडीची किंमत कंपनी व मालक यांनी संमतीने ठरवायची असते. हप्ता कमी दिसावा म्हणून ती खाली आणू नये, कारण गाडी चोरीला गेली तर तेवढेच हाती येतात. दुरुस्तीतही सगळे पैसे मिळत नाहीत. प्लॅस्टिक, रबर व बॅटरी यांवर निम्मी कपात होते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के कपात होते. म्हणून लहानसहान ठोकरीसाठी दावा करू नये. दावा नसलेल्या वर्षांची सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत चढते आणि एका दाव्याने सगळी जाते. मुदत संपून ९० दिवस झाले तरी ती जाते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. नवी गाडी घेतली तर ती सोबत नेता येते.

४) गावाकडे राहणाऱ्यांनी हे पाहावे

गाडी कमी धावत असेल, तर किलोमीटरप्रमाणे हप्ता आकारणारी जोड मागावी. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी दिली आहे. कंपनीचे बिनरोकड दुरुस्तीचे गॅरेज लातूर-नांदेडला कोठे आहे आणि बंद पडलेली गाडी गावातून ओढून नेण्याची सोय आहे का, हेही विचारावे.

ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी ओढले गेले, तर इंजिन संरक्षणाची वेगळी जोड नसल्यास कंपनी सहसा तो खर्च देत नाही.

५) लायसन

निवृत्त माणसाचा दावा अडतो तो बहुधा येथे. पंचावन्न वर्षांनंतर लायसन पाच-पाच वर्षांसाठीच मिळते व नमुना १-अ मध्ये डॉक्टरांचा दाखला लागतो. लायसनची मुदत संपलेली असली, तर स्वतःच्या गाडीचे नुकसान व १५ लाखांचा विमा दोन्ही नाकारले जाऊ शकतात. समोरच्याची भरपाई न्यायालय कंपनीला द्यायला लावते, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा हक्कही कंपनीला देऊ शकते. पोरगा किंवा ड्रायव्हर चालवत असेल, तर त्याचेही लायसन पाहावे. खासगी विम्याच्या मोटारीत भाडे घेऊन माणसे बसवू नयेत, दावा तेथेच संपतो.

६) विकलेली गाडी

"गाडी विकली, पैसे घेतले, संपले" असे समजू नये. आर.सी. पुस्तकावर नाव आपले असेल, तर पुढच्या अपघाताची जबाबदारी आपल्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात ठरवले. जुनी गाडी घेणाऱ्याने नाव व पॉलिसी दोन्ही बदलून घ्यावीत. पॉलिसीसाठी १४ दिवसांत अर्ज करावा.

अपघात झाल्यास जखमीला आधी दवाखान्यात न्यावे, पोलिसात नोंद करावी, कंपनीस तत्काळ कळवावे आणि सर्वेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. कंपनीने दाद दिली नाही, तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर व त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करता येते.

पॉलिसी संपण्याची तारीख व लायसनची तारीख, या दोन तारखा सभासदांनी आजच घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. हप्ता कंपनीकडे जमा होईपर्यंत विमा सुरू होत नाही. म्हणून ऊसबिलाची वाट पाहत तो लांबवू नये.