सदाफुलीची भावकी

‘साखर आहे? पांढऱ्या सदाफुलीची पानं चावा, गुलाबीला गुण नाही.’ हा सल्ला घरोघरी फुकट मिळतो. पण पांढरी आणि गुलाबी सदाफुली एकाच जातीची. पाकळीच्या रंगावरून पानातलं औषध कळत नाही.

साखरेची गोष्ट मात्र रंजक आहे. जमैकात मधुमेहावर या पानांचा काढा घेत. म्हणून १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखर हलली नाही. टोचल्यावर मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. याच धाग्यावरून १९५८मध्ये व्हिन्ब्लास्टीन हे कर्करोगावरचं औषध पुढे आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टीन. लहान मुलांच्या रक्तकर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही देतात.

मग कर्करोगावर पानंच का खाऊ नयेत? कारण ही द्रव्यं पानात नावापुरती असतात. ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो सुकी पानं लागतात. शुद्ध व्हिन्क्रिस्टीनसुद्धा डॉक्टर मोजूनमापून शिरेतूनच देतात, तरी हातापायांना मुंग्या येतात. शिवाय पानात इतर शंभराच्या वर अल्कलॉइडं आहेत, ती पोटात गेल्यावर काय करतील याचा हिशेब कोण ठेवणार?

‘एका कुळातली झाडं, एकच गुण’ हाही असाच अर्धवट समज. सर्पगंधा सदाफुलीच्याच कुळातली. तिच्या मुळांनी रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. दोन्ही झाडं आपापली द्रव्यं स्ट्रिक्टोसिडीन या एकाच रेणूपासून घडवतात, पण पुढची विकरं निराळी, म्हणून माल निराळा. गंमत म्हणजे कॉफीच्या कुळातली सिंकोनाही याच रेणूपासून क्विनीन बनवते.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी सदाफुलीच्याच कुळातल्या, पण त्यांची वाटच वेगळी. त्यांच्यातली ग्लायकोसाइडं थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतात. सुकवल्याने किंवा उकळल्याने हे विष जात नाही. ज्या बिट्ट्यांनी मुलं अंगणात खेळतात, त्यांच्या बियांनी श्रीलंकेत अनेकांचे जीव गेले आहेत.