पहिला एपिसोड बघून अ‍ॅनिमे ड्रॉप करताय? आधी फोनची सेटिंग बघा

सप्टेंबर २०२४. कंपनीच्या कामासाठी मी तेव्हा अमेरिकेत होतो. शनिवारी रात्री उशिरा 'उझुमाकी'चा पहिला एपिसोड लागला आणि मी वेडाच झालो. जुन्जी इतोची हॉरर मांगा, सगळं काळं-पांढरं, आणि पात्रांच्या हालचाली इतक्या खऱ्या की अंगावर काटा आला. एकूण एपिसोड चारच आणि घोषणा २०१९ ची. म्हणजे एवढी वर्षं घेतलीत तर काम चोखच असणार, असा माझा हिशोब. पुढच्या शनिवारी दोन रूममेटना जबरदस्तीने जागं ठेवलं. दुसऱ्या एपिसोडमध्ये तीच पात्रं कागदी बाहुल्या सरकवल्यासारखी चालायला लागली. त्यानंतर मी काहीही सुचवलं की दोघं आधी हसतात.

तेव्हापासून नव्या सीझनचे पहिले एपिसोड मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

अ‍ॅनिमेचे सीझन वर्षात चार: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका सीझनमध्ये साधारण १२-१३ एपिसोड बसतात. बऱ्याच मालिका सुरू होतात तेव्हा शेवटचे एपिसोड अजून बनतच असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमो झकास, आणि रिलीज आदल्या रात्री. पहिल्या एपिसोडला सगळ्यात चांगले लोक आणि सगळ्यात जास्त वेळ मिळतो. म्हणून पहिल्या एपिसोडमधल्या फायटिंगवर मी फारसा भाळत नाही. दोन माणसं नुसती बसून बोलताहेत तो सीन बघतो. तिथे चेहरे नीट राहिलेत का, हात काही करताहेत का, की फक्त ओठ हलताहेत?

दुसरी युक्ती शेवटच्या नामावलीत आहे. 'साकुगा कान्तोकु' म्हणजे चित्रं तपासून दुरुस्त करणारा मुख्य माणूस. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. एक-दोन नावं असतील तर ठीक. एकाच एपिसोडला दहा-बारा नावं दिसली तर बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी धावपळ झालेली असते. नेहमीच नाही हं, पण मी सावध होतो.

आता फोनकडे या, कारण निम्म्या वेळा दोष स्टुडिओचा नसतोच. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पण अ‍ॅनिमेत एकच चित्र बरेचदा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. ही पद्धत मुद्दाम असते, त्यातून मारामारीला ठसका येतो. तुमच्या फोनमध्ये 'मोशन स्मूदनिंग' किंवा 'एमईएमसी' चालू असेल तर फोन मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून घुसवतो आणि सगळं तेलकट दिसतं. ते आधी बंद करा.

मग डेटा सेव्हर. साध्या ८ बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, आणि अंधाऱ्या सीनच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. त्यात कॉम्प्रेशन जास्त झालं की रात्रीच्या आकाशात पट्टे दिसतात. दीड जीबी वाचवायचा आणि मग चित्रकाराला शिव्या द्यायच्या, हे काही बरोबर नाही राव! पहिला एपिसोड तरी वायफायवर बघा.

फायटिंगच्या ऐन मोक्यावर चित्र अचानक मंद आणि भुरकट होतं, तेही बघितलं असेल. डिसेंबर १९९७ मध्ये 'पोकेमॉन'च्या एका एपिसोडमधल्या लाल-निळ्या चमकांमुळे जपानमध्ये शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून टीव्हीसाठी चमका मंद कराव्या लागतात आणि बरेचदा तीच प्रत स्ट्रीमिंगवर येते. ब्लू-रे निघते तेव्हा तोच सीन लख्ख असतो.

किती एपिसोड थांबायचं? तीन एपिसोडचा नियम ऐकला असेलच. २०११ च्या 'मादोका मागिका'ने तिसऱ्या एपिसोडला जे केलं त्यामुळे तो नियम आणखी पक्का झाला. (नाही, सांगणार नाही.) 'फ्रीरेन'च्या निर्मात्यांनी तर २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चार एपिसोड एकदमच दाखवले. मला ते पटलं. ती गोष्ट सावकाश उलगडते, पहिल्या वीस मिनिटांत कळतच नाही.

अजून एक. जपानी वेळापत्रकात २५:०० असं दिसलं तर ती चूक नाही, रात्रीचा एक वाजलेला असतो. आपण साडेतीन तास मागे, म्हणजे शुक्रवारचे २५:०० हे आपले शुक्रवारी रात्रीचे साडेनऊ. सबटायटल त्याच मिनिटाला येतील असं नाही, त्यामुळे जेवून घ्या आधी.

रूममेटना या सीझनचं अजून काही सुचवलेलं नाही. माझे दोनच एपिसोड झालेत.