निर्गुडीचा शेक घ्या, पण सूज कशाची ते आधी बघा

घोरावाडी, सोमाटणे, देहूरोड या पट्ट्यातील वस्त्यांत आम्ही बीपी-शुगर तपासायला बसतो, तेव्हा निम्म्या बायका बीपीचे बोलतच नाहीत. साडी जरा वर करून सुजलेला गुडघा दाखवतात आणि विचारतात, "ताई, निर्गुडी बांधू का एरंड?" दिवसभर दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी, कंपनीत कंत्राटावर उभ्याने पाळी काढणारी बाई, तिचे गुडघे चाळिशीतच कुरकुरायला लागतात. प्रश्न साधा आहे. पण त्याला नुसते 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन चालत नाही.

झाडपाला म्हटले की आपल्यातली काही शिकलेली मंडळी नाक मुरडतात. त्यांना वाटते हे सगळे बुवाबाजीचे. तसे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. आजारी भिक्खूंनी पानांची औषधे वापरावीत अशी अनुमती त्यात तथागतांनी दिली आहे आणि पानांची नावेही घेतली आहेत: कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस, कपाशी. आपल्याकडे तुळशीचे लग्न लावतात. बुद्धांच्या यादीत ती फक्त औषधी पाने आहे, आणखी काही नाही. त्याच प्रकरणात भिक्खू पिलिंदवच्छ यांच्या वाताच्या दुखण्याची हकिगत येते. अंगात वात भरला तेव्हा आधी घाम काढणारा शेक सांगितला. उतार पडला नाही. मग पाला घालून शेक, त्यानेही भागेना तेव्हा त्याहून मोठा शेक, पुढे पाला उकळलेले पाणी. प्रत्येक वेळी गुण आला का ते विचारले आणि आला नाही तर पुढचा उपाय केला. यात मंत्र नाही, नवस नाही. आम्हाला वाटते, पाल्याकडे बघण्याची आपली रीत हीच असावी.

घोरावाडी स्टेशनजवळच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. त्यातल्या एका लेण्याचे दान धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने, सियागुतनिकेने, आपल्या मुलासह दिल्याचा शिलालेख तिथे आहे. पावसाळ्यात त्या दगडी ओट्यावर झोपणाऱ्या भिक्खूंचे सांधे धरत असणारच, आणि पाला तर डोंगरभर होता.

निर्गुडी ओळखणे अवघड नाही. ओढ्याकाठी, बांधावर वाढणारे झुडूप. हाताच्या बोटांसारखी तीन किंवा पाच पाने, मागची बाजू पांढुरकी, चुरगळली की उग्र वास, फुले निळसर जांभळी. कुठे तिला निगड म्हणतात, कुठे लिंगड. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली तिच्या ताज्या पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. पंजाला मुद्दाम आणलेली सूज आणि वेदना दोन्ही कमी झाल्या. म्हणजे आजीचे सांगणे अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. पण हा प्रयोग उंदरांवरचा आहे, हे विसरायचे नाही. फिलिपिन्समध्ये हेच झुडूप 'लागुंदी' म्हणून ओळखले जाते. तिथे सरकारने पानांची तपासणी करून, मात्रा ठरवून त्याची गोळी आणि सिरप बाजारात आणले, तेही खोकल्यासाठी. पाल्याचे औषध होते ते असे: कोणते झाड, किती पान, कोणत्या आजाराला, किती दिवस, हे सगळे ठरल्यावर. ॲस्पिरिनची गोष्टही तशीच आहे. विलो नावाच्या झाडाची साल युरोपात ताप-दुखण्याला वापरत. त्या धाग्यावरून रसायन शोधले गेले, १८९७ साली बायर कंपनीत आजची ॲस्पिरिन तयार झाली, आणि ती सूज नेमकी कशी उतरवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात सूज आणि वेदना वाढवतात, ती तयार होणेच ॲस्पिरिन रोखते. त्याबद्दल व्हेन यांना १९८२ साली नोबेल मिळाले.

तर कामाने दुखणाऱ्या, जुन्या गुडघ्याला शेक जरूर घ्या. दोन-तीन मुठी पाने धुऊन पातेल्यात पाच-सात मिनिटे उकळा. फडके बुडवून पिळा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा, मग गुडघ्यावर ठेवा. पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. एरंडाचे पान तेल लावून तव्यावर गरम करून बांधतात, तेही चालते. खरे सांगायचे तर यातला बराचसा आराम उष्णतेचा असतो. पाला मिळाला नाही तर नुसत्या गरम पाण्याच्या पिशवीनेही बरे वाटेल. मधुमेह असलेल्यांनी मात्र पायाला शेक घेताना दुसऱ्याला पाणी बघायला सांगावे. पायाला बधिरपणा आलेला असतो, चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. त्या फोडाचे पुढे काय होते हे आम्ही वॉर्डात असताना फार पाहिले आहे. पाय मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, गार पाणी. जखमेवर पाला नको. रुईचे पान बांधताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळा जायची वेळ येते. आणि बिबा तर लावूच नका, कातडी जाळतो.

हे झाले बाहेरून लावण्याचे. पोटात घेण्याची बात वेगळी. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वापरलेली वेल गुळवेलच होती का, हे नीट तपासलेले नाही. वाद बाजूला ठेवा. पण वेल कोणती यावर जाणत्यांचेच एकमत होत नसेल, तर बाजारातून जुडी आणून रोज पेला भरून पिणाऱ्या आपण काय ओळखणार? 'झाडाचे आहे, अपाय नाही' हे वाक्य आपल्या वस्त्यांतून हद्दपार झाले पाहिजे. धोतराही झाडच आहे.

आता पुड्यांकडे येऊ. आठवडी बाजारात, स्टेशनबाहेर 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून सांधेदुखीची पावडर विकतात. दोन दिवसांत सूज उतरते, भूक लागते, माणूस खुश. इतका झटपट गुण आला तर शंका घ्या, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. महिने-दोन महिने घेतल्यावर चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि एकदम बंद केली तर शरीराला स्वतःचे स्टेरॉइड लगेच बनवता येत नाही, चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून पुडी फेकून देऊ नका. ती बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. ती हळूहळू कशी सोडायची ते तेच सांगतील. मेडिकलमधून रोज आणलेल्या दुखण्याच्या गोळीचेही तेच, तिने पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड खराब होते. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी दोन्ही असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी नको.

आणि आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला पाला बांधा. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या सांध्याला नुसता पाला बांधून थांबू नका.

मुलाचा घसा दुखतो, चार दिवसांत बरा होतो, कोणी लक्ष देत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघा सुजतो. आई पाला बांधते. चार-पाच दिवसांत गुडघा उतरतो, सगळे म्हणतात निर्गुडीने गुण दिला. मग घोटा सुजतो, मग कोपर. तिथेही पाला, तिथेही गुण. पण हा ऱ्हुमॅटिक ताप असू शकतो. त्यातली सूज पाला बांधला काय, न बांधला काय, एका सांध्यातून उतरून दुसऱ्यात जातेच. सांधे पूर्ण बरे होतात. आत मात्र हृदयाच्या झडपा खराब व्हायला लागतात आणि त्या आपोआप दुरुस्त होत नाहीत. एका खोलीत सात-आठ माणसे दाटीने राहतात तिथे घशाचे जंतू पटकन पसरतात, म्हणून हा आजार बंगल्यांपेक्षा वस्त्यांत जास्त. कित्येक मुलींना तो झाल्याचे कळते ते थेट पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, जिना चढताना दम कोंडतो तेव्हा.

कालामांना बुद्धांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ऐकिवात आले म्हणून, गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका. 'पाल्याने उतरले' हेही तसेच तपासायला हवे. पाला बांधला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय पाल्याला श्रेय देता येत नाही.

या तापाला औषध आहे आणि ते महाग नाही. बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन आठवड्यांनी एकदा, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. ते राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. 'औषध संपले' असे सांगितले तर चिठ्ठीवर तसे लिहून मागा आणि पुढच्या रुग्णालयाचे पत्र घ्या. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, लागली तर घोरावाडीहून लोकलने पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा पुण्याला ससूनमध्ये जाता येते. तिथे गेल्यावर डॉक्टरांना एवढे नक्की सांगा: घसा कधी दुखला होता, पहिला सांधा कोणता सुजला, त्यानंतर कोणता. मोठ्यांपैकी ज्यांचा सांधा लाल, गरम आणि ताप आहे, किंवा रोज सकाळी बोटे अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात, त्यांनीही त्याच रांगेत उभे राहावे.